चौदावा दात कशाला?

कॉलेजच्या पार्किंगमध्ये कुणाची नवी बाइक आली की पहिला प्रश्न ठरलेला, 'टॉप किती मारते?' मायलेजचा नंबर दुसरा, आणि तो प्रश्नही बहुतेक वेळा घरचेच विचारतात. बाइक स्पोर्ट्स असेल तर उत्तर देताना छाती फुगते. पण बाइक हीरोची एक्सपल्स असेल, म्हणजे उंच, सडपातळ, पुढे भलंमोठं चाक आणि मागे खडबडीत टायर, तर उत्तर जरा पुटपुटत येतं. 'एकशे दहा. उतारावर थोडं जास्त.' मग घोळक्यातला एखादा तज्ज्ञ सल्ला देतोच, 'अरे, पुढचं स्प्रॉकेट चौदा दातांचं टाक. काही शे रुपयांचं काम. मग बघ, एकशे तीस!'

आज या चौदाव्या दाताबद्दलच बोलायचं आहे. निकाल आधीच सांगून टाकू. एक दात वाढवून गाडी एकशे तीस जात नाही. बऱ्याचदा ती आधीपेक्षा थोडी हळूच होते. तुमच्यापैकी बहुतेकांनी हा बदल करू नये, आणि ज्यांना गिअरिंग बदलायचंच आहे, त्यांनी आधी कागद-पेन घेऊन बसावं. गणित सातवीचं आहे. त्रैराशिक आलं की पुरे.

गाडी बनली कशासाठी?

डांबरी रस्त्यावरही चालेल आणि कच्च्या वाटेवरही दम धरेल, अशी खिशाला परवडणारी ड्युअल-स्पोर्ट बाइक आपल्याकडे तशी अलीकडची. हीरोने २०११ मध्ये १५० सीसीची इम्पल्स आणली होती. दिसायला झकास, पण ताकद साध्या कम्युटर बाइकएवढीच. ती फार काळ टिकली नाही. मग मे २०१९ मध्ये एक्सपल्स २०० आली. कार्ब्युरेटरवाल्या मॉडेलची दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत होती ९७ हजार रुपये. लाखाच्या आत २१ इंची पुढचं चाक, १८ इंची मागचं, २२० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स आणि पुढे १९० मिलिमीटरचं सस्पेन्शन! गडाच्या पायथ्यापर्यंत बाइक न्यायची हौस असलेल्या पोरापोरींसाठी ही बातमी मोठी होती. आज किमती वाढल्यात, तरी सेकंडहँड बाजारात ही गाडी विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आहे. म्हणून तर पार्किंगमध्ये दिसते.

आता इंजिन बघू. १९९.६ सीसी, पाच गिअर, आणि सुरुवातीच्या मॉडेलमध्ये १८.४ पीएस ताकद. ऑक्टोबर २०२१ मध्ये चार व्हॉल्व्हचं इंजिन आलं आणि ताकद १९.१ पीएस झाली, ८५०० आरपीएमला. कंपनीच्या सांगण्यानुसार आधीच्या बीएस-सिक्स इंजिनापेक्षा ६ टक्के जास्त. या वाढलेल्या ताकदीचं कंपनीने काय केलं, ते लक्षात घ्या. गिअर रेशो बदलले, आणि कारण दिलं ओढ आणि पिकअप सुधारण्याचं. म्हणजे ज्यांनी गाडी बनवली, त्यांच्या हातात जास्तीची ताकद आली तेव्हा त्यांनीही गाडी टॉप स्पीडकडे ढकलली नाही. ती चढावर, चिखलात, दगडगोट्यांत नीट ओढावी हे पाहिलं. आपण मात्र गाडी घरी आणली की पहिल्या महिन्यात ते काम उलटं करायला निघतो.

दातांचं गणित

गिअरची सायकल चालवली असेल तर हे सगळं तुम्हाला पायांनी माहीत आहे. पुढची चक्री मोठी केली की एका पेडलमध्ये अंतर जास्त कापलं जातं, पण पाय जड होतो. चढ आला की दम निघतो. बाइकमध्ये पायांच्या जागी इंजिन असतं, बाकी गोष्ट तीच.

हिशोब सोपा जावा म्हणून धरून चालू की तुमच्या बाइकला पुढे १३ दात आहेत आणि मागे ३९. मॉडेल आणि वर्षानुसार आकडे वेगळे असतील, म्हणून स्वतःच्या गाडीचे दात स्वतः मोजा. ३९ भागिले १३ म्हणजे ३. पुढचं स्प्रॉकेट तीन वेळा फिरतं तेव्हा मागचं चाक एकदा फिरतं. आता पुढे १४ दात लावले. ३९ भागिले १४ म्हणजे २.७९. गिअरिंग साधारण ७ टक्के लांब झालं. आधी ७००० आरपीएमवर जो वेग मिळायचा, तोच आता ६५०० वर मिळेल. इथपर्यंत पार्किंगमधला तज्ज्ञ बरोबर आहे.

त्याची चूक पुढच्या पायरीवर होते. तो म्हणतो, 'इंजिन आधी जेवढं फिरत होतं तेवढंच फिरणार, मग वेग ७ टक्के वाढणार.' प्रश्न असा, की इंजिन तेवढं फिरणार का?

हवेपुढे कुणाची हवा?

ताशी ४० ने जाताना गाडीला अडवणाऱ्या गोष्टी बऱ्याच असतात. टायर, चेन, बेअरिंग, रस्ता. पण शंभरच्या आसपास गेलं की खरा शत्रू एकच उरतो, हवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि तो रोध कापत राहायला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. ११० वरून १२० वर जायचंय? वेग वाढला ९ टक्के, पण ताकद लागेल जवळजवळ ३० टक्के जास्त. खोटं वाटत असेल तर १२० ला ११० ने भागा आणि उत्तर तीनदा गुणा.

त्यात ड्युअल-स्पोर्ट बाइकवर आपण बसतो कसे? पाठ सरळ, हँडल रुंद, कोपर बाहेर, छाती वाऱ्याला. ऑफ-रोडसाठी ही बैठक उत्तम, हायवेवर मात्र आपण चालतं-बोलतं शीड होतो. पाठीवर सॅक आणि खांद्यावर फडफडणारं जॅकेट असेल तर बघायलाच नको.

हेच गणित उलटं करून पाहा. इंजिनची ताकद ६ टक्क्यांनी वाढली तर टॉप स्पीड किती वाढेल? फक्त २ टक्के. ११० ची गाडी ११२ जाईल. आणि २९ टक्के वाढली तर? मग कुठे ९ टक्क्यांच्या जवळ पोचाल. २०२५ मध्ये हीरोने एक्सपल्स २१० बाजारात आणली. तिची ताकद २४.६ पीएस, म्हणजे चार व्हॉल्व्हच्या २०० पेक्षा साधारण २९ टक्के जास्त. त्यासाठी कंपनीला लिक्विड-कूल्ड इंजिन घ्यावं लागलं, सहावा गिअर द्यावा लागला आणि किंमतही चांगलीच वर न्यावी लागली. जे काम करायला एवढं सगळं लागलं, ते काही शे रुपयांच्या चक्रीने होईल, असं आपण खरंच मानतो का?

स्प्रॉकेट ताकद तयार करत नाही. इंजिनकडे आहे तीच ताकद वाटून देतं. लांब गिअरिंग लावलं की पाचव्या गिअरमध्ये इंजिनचे फेरे कमी होतात आणि ज्या ८५०० आरपीएमला त्याची ताकद सगळ्यात जास्त असते, तिथपर्यंत ते पोचतच नाही. मग गंमत अशी होते की पाचव्यापेक्षा चौथ्यातच गाडी जास्त पळते. पाचवा गिअर शोभेला उरतो. समोरून वारा आला किंवा बारीकसा चढ लागला, की परत चौथा.

स्वतः तपासा, थ्रॉटल न पिळता

आपल्या गाडीचं गिअरिंग आखूड आहे की लांब, हे कळायला रस्त्यावर फुल थ्रॉटल मारायची गरज नाही. तो प्रकार सार्वजनिक रस्त्यावर करूही नका. त्याऐवजी मोकळ्या सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये ताशी ८० चा वेग स्थिर धरा आणि आरपीएम बघा. स्पीडोमीटर बहुधा थोडा जास्तच दाखवतो, म्हणून वेग मोबाइलच्या जीपीएसवरून घ्या. मोबाइल हँडलच्या माउंटवर घट्ट हवा, आणि आकडे टिपायला मागे मित्र किंवा मैत्रीण बसलेली बरी.

समजा ८० ला ६००० आरपीएम दिसले. मग ८५०० आरपीएमला वेग किती? ८० गुणिले ८५००, भागिले ६०००. उत्तर येतं ११३. तुमची गाडी सपाटीवर तशीही ११० ते ११५ च्या मध्येच थकत असेल, तर कंपनीने गिअरिंग अगदी जागच्या जागी बसवलेलं आहे. पुढे १४ दात लावून हाच हिशोब करा. ८५०० आरपीएमला वेग येतो १२२. पण १२२ ला हवा कापायला जी ताकद लागते, ती या इंजिनात नाहीच. म्हणजे कागदावर १२२, रस्त्यावर ११० किंवा त्याहून कमी.

एकच अपवाद. तुमची गाडी सपाटीवर पाचव्या गिअरमध्ये ८५०० च्या बरीच पुढे जाऊन लिमिटरला धडकत असेल, तर गिअरिंग खरंच आखूड आहे. तेव्हा एक दात वाढवून टॉप स्पीडमध्ये थोडाफार फायदा होईल. आधीच्या मालकाने मागे मोठं स्प्रॉकेट लावलेलं असेल, तर सेकंडहँड गाडीत असं होऊ शकतं. म्हणूनच म्हटलं, आधी दात मोजा.

मिळतं काय, जातं काय

मग १४ दातांचा काहीच उपयोग नाही? आहे. आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. ज्यांना रोज सपाट हायवेवरून, एकट्याने, ७०-८० च्या स्थिर वेगाने ३०-४० किलोमीटर जायचं असतं, त्यांना इंजिनचे फेरे ७ टक्क्यांनी कमी झाल्याचं सुख मिळतं. हँडलमधला आणि फूटपेगमधला थरथराट थोडा कमी होतो, आवाज खाली येतो. शेवटच्या लेक्चरनंतर थकून घरी जाताना ही छोटी गोष्ट नाही. अशांनी तो बदल खुशाल करावा, आरामासाठी करतोय हे लक्षात ठेवून.

आता जातं काय ते बघा. मागच्या चाकाला मिळणारी ओढ प्रत्येक गिअरमध्ये ७ टक्क्यांनी कमी होते. हे आकड्यात कळत नाही, म्हणून वजनात सांगते ती तुलना घ्या. एक्सपल्सचं वजन साधारण १५८ किलो. तुम्ही ६५ किलोचे. मिळून २२३. ओढ ७ टक्क्यांनी कमी करणं म्हणजे चढावर आणि पिकअपमध्ये सुमारे १७ किलोची सॅक कायमची पाठीला बांधणं. सॅकमध्ये काही नाही, तरी ओझं आहेच. ताम्हिणीत, माळशेजमध्ये किंवा कसाऱ्यात मागे कुणी बसलेलं असताना, पुढे ट्रक रांगत असताना, वळणानंतरची ती मोकळी शंभर मीटर जागा मिळते तेव्हा गाडीने लगेच उचल खाल्ली पाहिजे. तिथे ही सॅक आठवते. ओव्हरटेक करायला लागणारे जादाचे सेकंद तुम्ही समोरून येणाऱ्या गाडीच्या लेनमध्ये काढत असता.

शहरातही तेच. सिग्नलला, गर्दीत पहिला गिअर लांब झाल्यामुळे क्लच जास्त वेळ अर्धवट दाबून ठेवावा लागतो. क्लच प्लेटा लवकर झिजतात, आणि त्यांचं बिल स्प्रॉकेटपेक्षा कितीतरी मोठं असतं. उतारावर इंजिन ब्रेकिंगही कमी होतं. घाट उतरताना जे काम इंजिन करायचं, ते ब्रेकला करावं लागतं. आणि कच्च्या वाटेवर, जिथे चालण्याच्या वेगाने दगड चुकवत जायचं असतं, तिथे गाडी एकतर धावते नाहीतर बंद पडते. ज्या कामासाठी ही बाइक घेतली, नेमकं तेच काम बिघडतं.

उलट दिशेला जाऊन बघा

खरं सांगायचं तर, या बाइकचं गिअरिंग बदलण्यात जी मजा आहे ती बहुतेक वेळा दुसऱ्या दिशेला आहे. पुढे १२ दात लावले तर ३९ भागिले १२ म्हणजे ३.२५. गिअरिंग ८ टक्क्यांनी आखूड, ओढ ८ टक्क्यांनी जास्त. पावसाळ्यात लाल मातीच्या चढावर, भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर, मागे डबल सीट असताना फरक लगेच जाणवतो. हायवेवर मात्र ८० ला इंजिन जास्त ओरडेल, थरथराट वाढेल, पेट्रोलही थोडं जास्त जाईल. कुठलाच बदल फुकट मिळत नाही.

इथे एक बारकावा. पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागचे साधारण तीन दात वाढवणं. ४२ भागिले १३ केलं तर ३.२३ येतं, जवळजवळ तेवढंच. पुढचं स्प्रॉकेट स्वस्त आणि बदलायला सोपं, म्हणून सगळे तिथेच हात घालतात. पण पुढची चक्री लहान केली की चेनला जास्त तीव्र वळण घ्यावं लागतं, झीज वाढते, आणि स्विंगआर्मवरच्या रबरी पट्टीला चेन जास्त घासते. मागचं स्प्रॉकेट बदलणं महाग पडतं, पण त्यात एका दाताने फक्त अडीच टक्के फरक पडतो, त्यामुळे हवं तेवढंच नेमकं बदलता येतं. ज्यांना थोडीशीच ओढ हवी आहे, त्यांनी मागे एक किंवा दोन दात वाढवून थांबावं.

नाना पेठेत जाण्याआधी

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, आणि प्रत्येक शहरात अशी एक गल्ली असतेच, जिथे हवा तो पार्ट मिळतो. तिथे जाण्याआधी ही यादी डोक्यात असू द्या.

पहिलं, चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र झिजतात. झिजलेल्या चेनवर नवं स्प्रॉकेट लावलं तर जुनी चेन नव्या दातांना खाते. म्हणून बदल करायचाच तर चेन सेट बदलायची वेळ येईल तेव्हा करा. तोपर्यंतचे पैसे साठवा, आणि तोपर्यंत बदल खरंच हवाय का तेही कळेल.

दुसरं, चेनची लांबी. पुढे एक दात कमी-जास्त झाला की मागचा अ‍ॅक्सल साधारण तीन मिलिमीटर सरकवावा लागतो. अ‍ॅडजस्टरमध्ये तेवढी जागा शिल्लक आहे का बघा. मागे दोन-तीन दात वाढवले तर कड्या वाढवाव्या लागू शकतात. चेनचा ढिलेपणा मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच ठेवा. लांब सस्पेन्शनच्या गाडीची चेन स्टँडवर घट्ट दिसली, तर माणूस बसल्यावर ती ताणून तुटायला येते.

तिसरं, पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरमध्ये मोठी चक्री घासत नाही ना, हे हाताने चाक फिरवून बघा. मेकॅनिककाका म्हणाले 'बसतंय रे' म्हणून सोडून देऊ नका.

चौथं, स्पीडोमीटर. सेन्सर पुढच्या चाकावर असेल तर रीडिंगला धक्का लागत नाही. तो गिअरबॉक्सवरून वेग मोजत असेल तर काटा खोटं बोलायला लागतो. गिअरिंग लांब केलेल्या गाडीत तो खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवेल, आणि चलन मात्र खऱ्या वेगाचं येईल. जीपीएसशी ताडून बघा.

पाचवं, गाडी वॉरंटीत असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा. आणि जुनं स्प्रॉकेट फेकू नका. हा बदल परत फिरवता येतो, हेच त्याचं सगळ्यात मोठं भाग्य.

गणित आवडणाऱ्यांसाठी एक गृहपाठही आहे. १२०/८०-१८ च्या मागच्या टायरचा घेर साधारण २.०४ मीटर. त्यावरून ८० च्या वेगाला चाक मिनिटाला किती फेरे मारतं, ते काढा. साधारण ६५४ यायला हवेत. तुमच्या इंजीनिअरिंग कॉलेजात बाहा एसएई इंडियाच्या स्पर्धेसाठी गाडी बांधणारी टीम असेल, तर त्यांच्यासोबत एक दुपार बसा. गिअरिंग म्हणजे तडजोड कशी करायची, हे त्यांना तोंडपाठ असतं.

रस्ता आपला एकट्याचा नाही

आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्प्रॉकेटच्या दातांची नोंद आरसी बुकात नसते, हे खरं. पण टॉप स्पीडची हौस एका चक्रीवर क्वचितच थांबते. चक्रीने काम झालं नाही की सायलेन्सर, मग ईसीयू, मग आणखी काही. तिथपासून गोष्ट चलनाच्या हद्दीत जाते, आणि शेजाऱ्यांच्या झोपेच्याही.

आणि तो एकशे तीसचा वेग वापरणार कुठे? मुंबई-पुणे एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी आहे. पुण्याहून नाशिक साधारण २१० किलोमीटर. कुठेही न थांबता सलग ८० ऐवजी ९० ने गेलात, तर वाचतात सतरा मिनिटं. चाकण, मंचर आणि नारायणगाव धरले तर तेवढीही नाहीत. एका चहाचा वेळ.

त्या सतरा मिनिटांच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे, तेही मोजा. वेग ८० वरून ११० झाला की गाडीची गतिज ऊर्जा जवळपास दुप्पट होते. थांबवताना ती सगळी ऊर्जा ब्रेकला आणि टायरला पचवावी लागते. ८० ला तुम्ही सेकंदाला २२ मीटर जाता, ११० ला ३० मीटरहून जास्त. कुत्रं आडवं आलं, हे कळायलाच एक सेकंद जातो. आपल्या या बाइकला एबीएस फक्त पुढच्या चाकाला आहे, आणि तिचे टायर मातीचा विचार करून निवडलेले आहेत. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. या आकड्यात आपल्या वयाची किती असतील, हे कुठल्याही कॉलेजच्या नोटीस बोर्डावरच्या श्रद्धांजलीच्या कागदाकडे बघून कळतं.

हे भीती घालायला लिहिलेलं नाही. बाइक चालवणं ही मस्त गोष्ट आहे, आणि स्वतःच्या हाताने तिच्यात बदल करणं त्याहून मस्त. हाताला ग्रीस लागल्याशिवाय गाडी आपली होत नाही. पण बदल आपल्या रस्त्यासाठी करावा. ज्या पैशात चौदावा दात आणि त्यामागून येणारा क्लचचा खर्च होणार, त्यात पावसाळ्याआधी चांगले टायर, नवे ब्रेक पॅड, नाहीतर नीट बसणारं हेल्मेट येतं. यातलं काहीच रीलमध्ये दिसत नाही, उपयोग मात्र रोज होतो.

कंपन्यांकडूनही एक मागणी करायला हवी. प्रत्येक मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये पुढचे-मागचे दात आणि पाचही गिअरचे रेशो ठळक छापा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये एक-दोन पर्यायी स्प्रॉकेट ठेवा, आणि कुणाला काय चालेल ते ग्राहकाला समजावून सांगा. घाटातल्या गावात राहणाऱ्याची गरज वेगळी, महामार्गावरून रोज ये-जा करणाऱ्याची वेगळी. ही माहिती दुकानातून मिळाली, तर पार्किंगमधल्या तज्ज्ञाचं दुकान आपोआप बंद होईल.

तोवर त्याचं दुकान आपणच बंद करू शकतो. पुढच्या वेळी कुणाच्या नव्या बाइकभोवती घोळका जमला आणि 'टॉप किती?' आलं, तर तुम्ही वेगळं विचारा. 'मागे बसवून घाट कितव्या गिअरमध्ये चढते?' 'ऐंशीला आरपीएम किती?' 'दात किती आहेत?' ज्याला ही तीन उत्तरं माहीत आहेत, त्याला आपली गाडी माहीत आहे. आणि ज्याला आपली गाडी माहीत आहे, तो ती एकशे तीस जात नाही म्हणून कधीच पुटपुटत नाही.